डावीकडचं झाड: डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वाट कशी सापडते

एप्रिल-मेमध्ये वादळी पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात उडालेल्या टिनांचे फोटो येतात आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात माणसं. ऑफिस म्हणजे काटोलला एका कृषी केंद्राच्या वरची खोली. शेड, गोदाम, घर, कधी एखादी पाण्याची टाकी, अशी डिझाइनची कामं मी करतो.

यंदा एक काकाजी आले. संत्र्याचा बगीचा, गावातला शेतकरी गट आणि १० मीटर बाय २० मीटरचं टिनाचं शेड बांधायचा बेत. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली आणि लॅपटॉपकडे बघत बसले. उजवीकडं शेडचं चित्र फिरत होतं, ते त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी डावीकडच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हे काय होय जी? बेरजाच बेरजा मांडून ठेवल्या."

माझ्याकडे शिकायला येणारी डिप्लोमाची पोरंही नेमकी इथंच अडकतात. बीम म्हणजे काय, भार कसा उतरतो, हे त्यांना पाठ असतं. सॉफ्टवेअर उघडलं की मात्र डावीकडच्या पट्टीत हरवतात, आणि दोन दिवसांनी सांगतात की सॉफ्टवेअर खराब आहे. त्या पट्टीविषयी हा लेख.

पट्टी म्हणजे नेमकं काय

इमारतीची, यंत्राची किंवा पायाची आकडेमोड करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या डाव्या बाजूला नावांची उभी यादी असते. ईटॅब्समध्ये तिला मॉडेल एक्सप्लोरर म्हणतात, रेव्हिटमध्ये प्रोजेक्ट ब्राउझर, सॉलिडवर्क्समध्ये डिझाइन ट्री. नावं वेगळी, जात एकच. वर प्रकल्पाचं नाव, त्याखाली थोडं आत सरकवलेली नावं, त्यांच्या पोटात आणखी नावं. ज्याच्या पोटात काही दडलंय त्याच्यापुढं बेरजेचं चिन्ह किंवा छोटा त्रिकोण.

इंग्रजीत याला ट्री म्हणतात, म्हणजे झाड. फक्त हे झाड उलटं आहे, मूळ वर आणि फांद्या खाली. आपल्याकडे वंशावळ लिहितात तसं. खापरपणजोबा सगळ्यात वर, नातवंडं खाली. झाडातल्या प्रत्येक नावाला संगणकवाले नोड म्हणतात. मी इथून पुढं फांदी म्हणेन. पोटात इतर फांद्या असलेली ती बाप फांदी.

ही कल्पना काही नवी नाही. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फाइल, ही रचना मल्टिक्स नावाच्या संगणक यंत्रणेसाठी १९६५ मध्येच मांडली गेली होती. विंडोज ९५ आलं तेव्हा हे झाड घरोघरच्या संगणकावर पोचलं.

सातबारा काढता येतो, तर हेही येतं

महाभूलेखवर सातबारा काढताना काय करतो आपण? आधी विभाग निवडतो, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गट नंबर. गट नंबर १२ शेकडो गावांत असतो. त्याला अर्थ येतो तो वरच्या साखळीनं. नागपूर जिल्हा, काटोल तालुका, अमुक गाव, आणि मग गट १२.

शेडच्या प्रकल्पातही तेच. 'भार' या नावाची फांदी तीन ठिकाणी दिसली म्हणून गोंधळायचं कारण नाही. एक कैचीखाली (कैची म्हणजे छप्पर पेलणारा लोखंडी सांगाडा) आहे, एक खांबाखाली, एक पायाखाली. नाव एक, बाप वेगळे. म्हणून फांदीचं नाव वाचताना तिच्या वरची दोन नावंही वाचायची सवय लावा. मी पोरांना मोठ्यानं वाचायला लावतो: "शेड, पूर्वेची कैची, भार, वारा." सुरुवातीला हसतात. आठवड्यानं हसणं बंद होतं.

फांद्या ढोबळपणे तीन जातीच्या असतात. काही नुसत्या कप्प्यासारख्या, ज्यांवर दाबून काहीच होत नाही, त्या फक्त पोटातलं सांभाळतात. काहींमध्ये आपण आकडे भरतो: लांबी, उंची, लोखंडाचा सेक्शन, मातीची ताकद. आणि काहींत सॉफ्टवेअर उत्तर देतं. भरायच्या फांद्या बहुधा वर आणि उत्तराच्या खाली. म्हणजे झाड वरून खाली वाचत गेलं तर कामाचा क्रमही आपोआप कळतो. काही सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम विस्कटलेला असतो, तेव्हा बनवणाऱ्याला मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणावं आणि पुढं जावं.

प्लस दाबणं वेगळं, नाव दाबणं वेगळं

सगळ्यात जास्त पोरं इथं फसतात.

बेरजेच्या चिन्हावर दाबलं की फांदी उघडते, तिच्या पोटातली नावं दिसतात. उजवीकडचा फॉर्म मात्र आहे तसाच राहतो. फांदीच्या नावावर दाबलं, नाव निळं किंवा करडं झालं, की मगच उजवीकडं तिचा फॉर्म येतो.

आता बघा काय होतं. पोरगा पूर्वेच्या कैचीच्या फॉर्मवर आहे. त्याला पश्चिमेच्या कैचीत आकडा टाकायचा आहे. तो पश्चिमेच्या कैचीचा प्लस दाबतो, फांदी उघडते, त्याला वाटतं आपण तिथं पोचलो. उजवीकडं फॉर्म तर आहेच समोर, दोन्ही कैच्यांचा फॉर्म दिसायला सारखाच. तो आकडा टाकतो. आकडा जातो पूर्वेच्या कैचीत. कुणीच काही ओरडत नाही, कारण आकडा चुकीचा नाहीच. चुकीच्या घरी गेलाय एवढंच.

शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं म्हणजे आपण त्याच्या घरात गेलो असं होत नाही. आपण अजून आपल्याच ओसरीत उभे असतो. म्हणून आकडा टाकण्याआधी डावीकडं बघायचं: रंगलेलं नाव कोणतं? तेच आपलं घर.

फांदीपुढं चौकट असेल तर ती तिसरीच गोष्ट. चौकटीतली बरोबरची खूण बहुधा सांगते की ही फांदी चित्रात दाखवायची आहे, किंवा हिशेबात धरायची आहे. या दोन्हींतलं नेमकं काय, ते प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकदा तपासून घ्यावं. दाखवायची खूण काढली तर नुसतं चित्र जातं. हिशेबाची काढली तर वाराच जातो, आणि शेड कागदावर फार मजबूत निघतं.

वर भरलेलं खाली झिरपतं

झाडाचा खरा उपयोग इथं आहे, आणि खरा धोकाही.

गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, आठवा. ती लागते गावाला. ५० पैशांच्या आत आली की अख्खं गाव पीक बुडालेलं धरलं जातं. तुमच्या एकट्याच्या वावरात कपाशी बरी होती की गेली, हे तिथं कुणी विचारत नाही. वर ठरलेला आकडा खालच्या प्रत्येक गटाला लागू.

सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाच्या मुळाशी अशीच एक फांदी असते. कोणतं प्रमाणक (हिशेबाचे ठरलेले नियम) वापरायचं, मोजमापं कोणती, ठिकाण कोणतं, वाऱ्याचा वेग किती, हे तिथं एकदा भरलं की खालच्या सगळ्या कैच्या, खांब, पाये तेच उचलतात. प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहायची कटकट वाचते. एखाद्या फांदीत वेगळा आकडा टाकायचा असेल तर तशी सोय असते, आणि मग ती फांदी बापाचं ऐकणं सोडते. पुढं बापाचा आकडा बदलला तरी तिचा बदलत नाही. वेगळ्या राहिलेल्या भावासारखं.

काकाजींच्या शेडचं काम मी कोऱ्या फाइलपासून सुरू केलं नव्हतं. कोण करतं? पुण्याला काम करणाऱ्या एका वर्गमित्राची तयार फाइल होती. नाव बदललं, लांबी-रुंदी बदलली, कैच्यांची संख्या बदलली. खाली उत्तरांपुढं सगळ्या हिरव्या खुणा, म्हणजे पास. मी खुशीत काकाजींना दाखवत होतो.

"मंग वाऱ्याचं कुठी लिवलं?" त्यांनी विचारलं. वादळ झालेलं, त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

मी त्यांना दाखवायला म्हणून वर गेलो. प्रकल्प, त्याचा प्लस, ठिकाण, त्याचा प्लस. ही फांदी मी त्या फाइलमध्ये एकदाही उघडली नव्हती. आत लिहिलं होतं: पुणे, ३९.

काकाजींनी चष्मा वर केला. "पुन्याचा वारा आन काटोलचा वारा एकच असते का?"

नसतो. वाऱ्याच्या भाराचं भारतीय प्रमाणक आहे आयएस ८७५, भाग ३, सध्याचं २०१५ चं. त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे आणि नागपूरसाठी ४४, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. फरक ५ चाच दिसतो. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतो. वेगाचा वर्ग गुणिले ०.६, एवढं केलं की दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो. ३९ ला ९१३ येतो, ४४ ला ११६२. जवळजवळ सव्वापट. जागा, उंची, छपराचा आकार यांचे गुणक पुढं लागतातच, पण ते सगळे १ धरले तरी २०० चौरस मीटरच्या छपरावर फरक पडतो ५ टनांचा. आणि त्या छपरावरच्या टिनांचं स्वतःचं सगळं वजन जेमतेम १ टन भरतं. टिन उडतं ते असं. वारा त्याला वरून दाबण्यापेक्षा खालून ढकलून आणि वरून ओढून उचलतो, आणि धरून ठेवायला वजन नसतं, असतात फक्त हुक, पर्लिन (टिनांखालच्या लोखंडी आडव्या पट्ट्या) आणि पायातले बोल्ट.

मी ३९ चे ४४ केले. खालच्या हिरव्या खुणांपैकी बऱ्याच गेल्या. पर्लिन जवळजवळ घ्यावे लागले, पायातले बोल्ट वाढले, खर्चही थोडा वाढला. काकाजी खर्चाबद्दल काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनीच मागवला, आणि माझ्या ऑफिसात माझ्यासाठी पाहुण्यानं चहा मागवावा यात जे काय होतं ते मला बरोबर पोचलं.

मुळाशी दडलेली दुसरी चूक प्रमाणकाची. आपल्याकडे काँक्रीटसाठी आयएस ४५६:२००० आणि लोखंडी बांधकामासाठी आयएस ८००:२००७ वापरतात. बाहेरच्या देशात बनलेलं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडतं तेव्हा मुळाशी युरोपचं किंवा अमेरिकेचं प्रमाणक असू शकतं. युरोपच्या यादीत सी २५/३० असं काँक्रीट दिसतं, आणि २५ बघून आपला माणूस ते एम २५ समजून निवडतो. आपला २५ हा ताकदीचा आकडा १५० मिलिमीटरच्या चौकोनी ठोकळ्यावर २८ दिवसांनी मोजलेला. त्यांच्या जोडीतला पहिला आकडा उभ्या गोल नळकांड्याचा, ठोकळ्याचा आकडा दुसरा. म्हणजे सी २५/३० हे आपल्या एम ३० च्या पंगतीतलं. साइटवर पडणार एम २५, कागदावर धरलं एम ३०. मिस्त्रीची काही चूक नाही.

"हिरवी खूण आली म्हणजे झालं ना?"

हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की तुम्ही जे भरलंत त्यावरून केलेला हिशेब पास आहे. तुम्ही पुण्याचा वारा भरलात तर पुण्यात पास.

आणि ती खूण ताजी आहे का, हेही बघावं लागतं. वरच्या फांदीत आकडा बदलला की खालची उत्तरं शिळी होतात. काही सॉफ्टवेअर ती लगेच पुसून टाकतात. काही ती तशीच ठेवून फक्त खूण बदलतात. अॅन्सिस नावाच्या सॉफ्टवेअरच्या झाडात हिरवी बरोबरची खूण म्हणजे ठीक, पिवळी वीज म्हणजे हिशेब पुन्हा चालवायचा आहे, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे माहिती अपुरी. डाळीत मागाहून पाणी ओतलं तर पुन्हा उकळी आणावी लागते. पिवळी वीज तेच सांगत असते. तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या खुणांचा अर्थ पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या. पोरं हे सोडून थेट रंगीत चित्रांकडे जातात.

कॉपी केली, पण कोणती?

एक कैची तयार झाली की उरलेल्या चार तिच्यासारख्याच करायच्या असतात. फांदीवर उजवं बटण दाबलं की कॉपी मिळते. इथं दोन प्रकार असतात. एक झेरॉक्ससारखी: सातबाऱ्याची झेरॉक्स काढली आणि नंतर फेरफार झाला, तर झेरॉक्समध्ये जुनंच नाव राहतं. दुसरी कॉपी म्हणजे मूळ फांदीकडे बोट दाखवणारी नोंद. मूळ बदललं की तीही बदलते. दोन्ही कामाच्या आहेत, पण आपण कोणती काढली हे माहीत नसेल तर फजिती ठरलेली. खात्री करायची सोपी रीत: मूळ फांदीत एक आकडा मुद्दाम बदला, कॉपीत जाऊन बघा, मग परत जागेवर आणा.

पुसतानाही सांभाळा. बाप फांदी पुसली की पोटातलं सगळं जातं. सॉफ्टवेअर एकदा विचारतं, आपण न वाचता ओके दाबतो.

"एवढा पसारा कशाला? एक्सेल काय वाईट होतं?"

हा प्रश्न माझ्याच वयाचे इंजिनिअर विचारतात, आणि तो अगदीच खोटा नाही. एका बीमचा हिशेब असेल तर मीही एक्सेलच उघडतो. पाच कैच्या, बारा खांब, बारा पाये आणि प्रत्येकावर चार-पाच प्रकारचे भार आले की एक्सेलच्या खाली टॅबची रांग लागते, पोळ्याच्या तोरणाखाली बैलांची लागते तशी. कोणता टॅब कुणाकडून आकडा घेतो, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक, आणि सहा महिन्यांनी त्यालाही नाही. झाडात ते नातं डोळ्यांसमोर असतं.

दुसरा आक्षेप असतो शोधायच्या चौकटीचा. नाव टाइप केलं की फांदी सापडते, मग झाड शिकायचं कशाला? सापडते, खरं आहे. पण 'भार' शोधलं तर सोळा फांद्या येतात. कोणती आपली, ते बापाच्या नावावरूनच कळणार. शोध घरापर्यंत नेऊन सोडतो, घर कुणाचं ते नाही सांगत. यावर उपाय नाव ठेवतानाच करायचा. सॉफ्टवेअर आपोआप 'कैची १', 'कैची २' अशी नावं देतं, ती ठेवू नका. 'रस्त्याकडची कैची', 'विहिरीकडची कैची' अशी ठेवा. मिस्त्रीशी फोनवर बोलताना तीच नावं कामी येतात. जुन्या काही सॉफ्टवेअरला देवनागरी पचत नाही, अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, तिथं इंग्रजी लिपीत मराठी लिहा.

माऊसनं हात दुखत असेल तर कीबोर्ड वापरा. विंडोजच्या नेहमीच्या धाटणीच्या झाडात उजवा बाण फांदी उघडतो, डावा मिटतो, आणि मिटलेल्या फांदीवर डावा दाबला की थेट बापाकडे नेतो. आपण कुणाच्या पोटात आहोत हे कळायला याहून सोपं काही नाही. नावाचं पहिलं अक्षर दाबलं की त्या नावाकडे उडी. अंकांच्या बाजूचं तारांकन दाबलं तर त्या फांदीखालचं सगळंच उघडतं. लहान प्रकल्पात ते छान वाटतं. मोठ्यात एकदा करून बघा, पुन्हा करणार नाही.

मी स्वतः काम झालं की फांदी मिटवतो. कपाशीवाले गळफांद्या काढतात ना, ताकद बोंडांना मिळावी म्हणून, तसंच. फक्त इथं काही कापायचं नाही, नजरेआड करायचं. मिटवलेल्या फांदीतलं हिशेबातून जातं, ही भीती मनातून काढून टाका. आणि फाइल सुपूर्द करण्याआधी मात्र मुळाकडच्या सगळ्या मिटलेल्या फांद्या एकदा उघडून बघा. का, ते वर सांगितलंच.

झाडात जे नाहीच

पायाच्या फांदीत मातीची भार पेलण्याची ताकद भरायला जागा असते. आपली भारी काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. साध्या फुटिंगच्या फॉर्ममध्ये या फुगण्याला बहुधा जागाच नसते. फॉर्म विचारत नाही म्हणून आपण सांगत नाही, आणि खूण हिरवीच येते. काळ्या मातीत पाया खोल नेणं, खाली मुरूम लागेपर्यंत जाणं, किंवा खाली फुगा असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) वापरणं, हे ठरवायला खड्ड्यात उतरावं लागतं. काकाजींच्या वावरात आम्ही खड्डा घेतला तेव्हा मुरूम लागला आणि जीव भांड्यात पडला.

छापताना

शेवटी अहवाल छापायचा असतो. तिथंही तेच झाड पुन्हा येतं, प्रत्येक फांदीपुढं चौकट. जिच्यावर खूण, ती छापली जाणार. अनेक जण कागद वाचवायला फक्त उत्तरांच्या फांद्यांवर खूण करतात. मग शेडच्या मालकाच्या हातात येतात तीस-चाळीस पानं, ज्यांत सगळं 'पास' आहे आणि कशावरून पास आहे ते कुठंच नाही. तुमचं शेड, गोदाम, घर कुणीही डिझाइन करून दिलं तरी एवढं मागा: मुळाची फांदी छापलेली हवी. ठिकाण, वाऱ्याचा वेग, प्रमाणक, काँक्रीट आणि लोखंडाचा दर्जा, मातीची ताकद. दोन पानांत मावतं, आणि वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही.

काकाजींचा अहवाल ४१ पानांचा झाला. त्यांनी तो उलटापालटा केला, चित्रं बघितली, आणि विचारलं, "वाऱ्याचं पान कोणतं?"

"तिसरं."

त्यांनी तिसरं पान काढलं, ४४ वर अंगठा ठेवून पाहिला, पानाचा कोपरा दुमडला आणि फाइल पिशवीत घातली.